बाईजींसाठी निरोप

बाई, तुला माझ्या दोन कानाखाली देता येत नव्हत्या का? भाजीत मीठ जास्त पडलं तर पलीकडच्या क्वार्टरात ऐकू जाईल इतकं बोलायचीस, बापूंनी चप्पल उंबऱ्यात काढली तरी बोलायचीस. आणि ज्या दिवशी मला फाडून खायचं त्या दिवशी "बरं" म्हणालीस, पोळी उलटलीस आणि तोंडात गुळणी धरून बसलीस ती मरेपर्यंत. तू मोकळी झालीस. ताप लेकीच्या डोक्याला.

सांगते काय झालं ते. माझी सून कानपूरची आहे. पोळी जाड लाटते, पण पोरगी चांगली आहे. मोबाईल खिडकीत उभा करते आणि त्याच्याबरोबर गाते. सगळी बायकांची गाणी. तो बघत नाही, तो बोलत नाही, मीच वेडी, मीच वाट बघते. पंधरा दिवसांपूर्वी इथल्या महानगर मोहल्ल्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या दोघी हळदीकुंकवाचं बोलवायला आल्या होत्या. बँकेतल्या साहेबांच्या बायका. मी त्यांना खुर्च्या दिल्या आणि आत हिचा सूर लागला. एकजण गालातल्या गालात हसली, म्हणाली, "सूनबाई अगदी रंगात आहेत हं!" माझं डोकंच फिरलं. आत गेले आणि म्हटलं, "बंद करो. ये घर है, कोठा नहीं." ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "मम्मीजी, गाना ही तो है." माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "अच्छा." बाई, तिचं अच्छा आणि तुझं बरं, दोन्ही एकाच चुलीवरचं. तेव्हापासून ती गात नाही. कामं सगळी करते, हसून बोलते, चहा हातात आणून देते. पण गात नाही. मुलगा जेवताना म्हणतो, "आई, आजकल घर में इतनी शांति क्यों है यार?" मी त्याला म्हटलं, गप जेव.

मग मला आपलं चारबाग स्टेशनच्या मागचं रेल्वेचं क्वार्टर सारखं दिसायला लागलं. मी पंधरा वर्षांची. सहावीतच मला शाळेतून काढलंस, कारण तू रेल्वेतल्या मराठी साहेबांकडे रोजच्या पोळ्या द्यायचीस आणि एकटीने उरकत नव्हतं. तू लाटतेस, मी भाजते. फळीवर रेडिओ, त्याला पिठाची बोटं लागलेली. गाणं लागलं की तुझं लाटणं त्याच्या चालीवर जातं. हिंदी तुला धड येत नव्हती, पण एकेक शब्द पकडून बसायचीस. एका गाण्यातली ती म्हणते, तूच माझा संसार. हिंदीत संसार म्हणजे जग, हे तुला कुठे ठाऊक? तू हसून हसून पोळपाट हलवलास. "ऐक गं, तो म्हणे तिचा संसार! म्हणजे चूल, भांडी, रॉकेलची रांग, सगळं तोच. मग हिला काम काय राहिलं? बसून गाणारच की!" आणि पुढच्याच ओळीला डोळे मिटून अशी गायलीस की मला कसंतरी झालं. मी विचारलं, कोणासाठी गातेस? बापू तर वर्कशॉपमधून येऊन जेवतात आणि झोपतात. तू म्हणालीस, "कोणासाठी कशाला? मला काय वाटतं ते कोण विचारतंय? त्या गाण्यातल्या बाईला विचारतात, म्हणून मी तिच्याआडून बोलून घेते." तेव्हा मला काही कळलं नाही. रागच आला.

तुला सगळे बाई म्हणायचे. साताऱ्याकडे आपल्या घरात आईला बाईच म्हणतात, त्यात काय. पण हे लखनौ. इथे चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यातल्या गोष्टींत बाईजी म्हणजे कोठ्यावर गाणारी, हे मला नळावरच्या मुलींनी शिकवलं. तुला कोणी शिकवलं नव्हतं, ते मी शिकवलं. पाण्याची बादली आपटली आणि म्हटलं, "शेजारीण तुला बाईजी म्हणते. कोठेवाली. सगळ्या हसतात मला. गाऊ नकोस." तू "बरं" म्हणालीस. दुसऱ्या दिवशी रेडिओवर फडकं टाकलंस आणि मला म्हणालीस, "आजपासून मला आई म्हण." मला जमलं नाही गं. आई म्हटलं की तू दुसऱ्या कुणाची वाटायचीस. मग मी काहीच म्हणेनाशी झाले. अगं, ऐकलंस का, इकडे बघ. नवऱ्याला हाक मारावी तशी सख्ख्या आईला चोवीस वर्षं हाक मारली. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत पलीकडच्या खाटेवाल्याच्या मोबाईलवर तुझ्या वेळचं गाणं लागलं. तू आधी माझ्या तोंडाकडे बघितलंस, मला चाललं का ते. मग म्हणालीस, "भैया, आवाज कम करो." मी तिथे स्टुलावर बसले होते. राहू दे, असं म्हणायला माझं काय जात होतं?

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते लिहिते. शेजारीण तुला वाईट बोललीच नव्हती. तिने नळावर मला थांबवून म्हटलं होतं, "बिटिया, अपनी बाईजी से कहिएगा, कल वाला गाना आज फिर गा दें. हमारी अम्मा खटिया पर पड़ी-पड़ी पूछ रही हैं." ती सगळ्यांनाच जी लावायची. दूधवाल्याला भैयाजी, बापूंना बाबूजी. आपण बाई म्हणतो ते तिने ऐकलं आणि मानाने जी जोडला. मागच्या दोन मुली फिदीफिदी हसल्या, एवढंच झालं. ते हसणं मी घरी आणलं आणि म्हातारीचा निरोप नळावर टाकून आले. ती मानाने बोलली हे मला तिथेच कळलं होतं, बाई. मी लहान नव्हते. पण तू गायला लागलीस की तुझ्या समोर मी नसायचे, तवा नसायचा, कोणीच नसायचं. तुला परत खाली ओढायला मला तो एक शब्द सापडला आणि मी तो वापरला.

हा कागद मी पाकिटात घालणार नाही, कुठे पाठवू? सून परवा भावाच्या साखरपुड्याला माहेरी गेली. येत्या रविवारी दुपारच्या गाडीने चारबागला उतरते, आणायला मीच जाणार आहे. तिला काय सांगू? माफी मागितली तर ती पुन्हा अच्छा म्हणेल आणि गाणार नाहीच, मग? तू एवढंच सांग. त्या दिवशी तुला माझं खरं वाटलं होतं, की मी खोटं बोलतेय हे कळूनही माझी अब्रू राखायला बरं म्हणालीस? आणि निरोप मी संध्याकाळी जरी दिला असता, तरी तू गायली असतीस का? शनिवारपर्यंत सांग. या वेळी नुसतं बरं चालणार नाही.