नलिनीच्या वतीने

६ जानेवारी, सोमवार
नलिनीने (यापुढे 'न.') अंथरूण धरल्याला तीन आठवडे झाले. ताप नाही, खोकला नाही. सर्व तपासण्या निर्दोष. आज म्हणाली, "अहो, उद्या उठावंसंच वाटत नाही मला." वाक्य साधे. दिवसभर पिच्छा सोडला नाही त्याने.
शेजारच्या जोगळेकरबाईंनी चौकशी केली. "गुडघे धरले आहेत," असे सांगितले. पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या सबबी पकडल्या. आज स्वतःच एक रचली.

९ जानेवारी, गुरुवार
जोगळेकरबाईंनी तेल आणले. वरच्या मजल्यावरून निर्गुडीचा पाला, तळमजल्यावरून पट्टा. दोन निरोगी गुडघ्यांसाठी एवढी सामग्री. खऱ्या दुखण्यासाठी काहीही नाही.
आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा."
"ती वेडी नाही."
"मग उशीर कशाला करताय, सर?"
चिठ्ठी घेतली.

१६ जानेवारी, गुरुवार
शनिवार पेठेतील धर्मादाय दवाखाना. न.ला बाकावर बसवून वळलो, तर समोर शेखसाहेब. मंडईजवळ त्यांचे घड्याळांचे दुकान; तीस वर्षांची ओळख.
"गुडघे," मी म्हणालो.
"बीपी," ते म्हणाले.
दोघेही 'मानसोपचार विभाग' या पाटीखाली उभे. प्रथम तेच हसले. "सर, दोन वर्षं येतोय मी. शनिवारी आमच्यासोबत घरच्या माणसांचाही बोलायला गट बसतो. या."
डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या आणि समुपदेशक कांबळे मॅडमकडे पाठवले. वय तिशीच्या आत. "काकू, काय होतंय?" मी दोन पानी निवेदन काढले, अकरा मुद्दे, क्रमवार. पहिले पान त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.
"काका, नीट लिहिलंय. आता तुम्ही बाहेर बसा."
"मी तिच्या वतीने..."
"काकू आहेत ना इथे."
अपमान वाटला. आतून रडण्याचा आवाज आला, तसा उठलो. दारातल्या मावशी म्हणाल्या, "बसा हो आजोबा! रडायची सोय आहे म्हणून तर येतात लोक."
पाऊण तास. परतताना रिक्षात न. म्हणाली, "मधे कुणी बोललंच नाही." इतकेच.

२५ जानेवारी, शनिवार
गटात गेलो. गोल मांडलेल्या खुर्च्या, अतिशय वाईट चहा. कांबळे मॅडमनी विचारले, "तुम्ही कसे आहात?" मी, "नलिनीची झोप सुधारली असून..."
शेखसाहेब म्हणाले, "सर, वहिनींचं नाही विचारलं."
सगळे हसले. मीही, परंतु घरी येईपर्यंत आठवत होतो: पाहुण्यांपुढे, दुकानात, मुलाच्या फोनवर, तिला विचारलेल्या प्रश्नांना आजवर कोण उत्तर देत आले आहे?

१२ फेब्रुवारी, बुधवार
कालपासून पुन्हा अंथरूण. निवेदन लिहावयास घेतले होते, फाडले. तिच्याजवळ नुसता बसलो. दुपारी म्हणाली, "तुम्हाला गप्प बसणं जमत नाही, पण बसलात." मॅडमना फोन तिने स्वतः लावला.

२३ फेब्रुवारी, रविवार
हा दिवस नोंदवून ठेवावयासच हवा.
जोगळेकरबाई दारात. "गुडघे कसे आहेत?" मी तोंड उघडले. न.ने मला हाताने बाजूला केले, अक्षरशः.
"गुडघे ठणठणीत आहेत हो. मला नैराश्य आलंय. गोळ्या चालू आहेत, बोलायलाही जाते."
मग बाई हलकेच म्हणाल्या, "आमच्या मंजूचंही असंच काहीतरी... पत्ता द्याल का?"
मी पेन काढले. "मी सांगते," न. म्हणाली, आणि त्यांना आत बसवून तासभर बोलली. चहा मी केला. साखर जास्त पडली. कोणाच्याही लक्षात आले नाही.

१० मार्च, सोमवार
न. मांजरी गावी धाकट्या बहिणीकडे निघाली. एकटी. डॉक्टर हो म्हणाले होते. मी काही बोललो नव्हतो. गोळ्यांची डबी तिनेच भरली. कंडक्टरला काही सूचना द्याव्यात म्हणून बसमध्ये चढलो, तर खिडकीजवळच्या जागेवरून म्हणाली, "अहो, उतरा खाली, बस सुटतेय."
उतरलो. केव्हा परतणार, हे तिने सांगितले नाही.
मी विचारले नाही.