साजिदाचे जंतू आणि महादूकाकांचे बेडूक

११ जुलै १९८८, सोमवार

तीन वेळा वाचलं! आमच्या लॅबच्या सरांनी परळहून आणलेल्या मासिकात आहे — बेडकाच्या कातडीत जंतू मारणारे पेप्टाइड सापडले! प्रथिनाचे बारीक तुकडे, जंतूच्या आवरणाला भोकंच पाडतात. जखमी बेडूक डबक्यात राहूनही सडत नाही, हे आम्ही लहानपणापासून बघतो. का, असं विचारलं कुणी?

आणि इथे साजिदा. शेजारची, माझ्याच वयाची. बाळंतपणानंतर रक्तात जंतू झालेत. औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या तिच्या जंतूंवर मीच ठेवल्या होत्या. एकीभोवतीही जंतू मेल्याचं वर्तुळ नाही. ‘एकही औषध लागू नाही’ — रिपोर्ट मी लिहिला, सरांनी सही केली. डॉक्टरांनी क्लॉक्सासिलिन बंद केलं. आता दुसरं काही सुचत नाही त्यांना.

मला सुचलंय!

१२ जुलै

मानकोलीच्या महादूकाकांकडे बेडूक मागितले.

“ग्रॅज्वेट झालीस नि बेडकां मागतंस? खायाची हायत का?”

म्हटलं, न्हाय, पाठ पुसून सोडणार.

“मंग चाय पन पाज त्यांना!”

आई म्हणते, घरात पहिली शिकली ती ही!

१३ जुलै

ओल्या कापसाने पाठी पुसल्या. एक सुटला. सर खुर्चीवर उभे — “बाई, आवरा तुमचं औषध!” कापसाचा थेंब कोऱ्या चकतीवर, चकती साजिदाच्या जंतूंवर. सर म्हणाले, प्रयोग म्हटला की तुलना हवी. म्हणून शेजारी क्लॉक्सासिलिनची चकती, काल परळहून आणलेल्या नव्या डबीतली.

येताना साजिदाकडे गेले. ताप १०४. तिच्या आईने, जमिलाचाचींनी, माझा हात सोडला नाही — “तू शिकलेली हायस, तूच कायतरी कर गो.” बेडकांचं सांगितलं. साजिदा डोळे मिटूनच म्हणाली, “शाळेत माझ्या दप्तरात टाकलेलास. आता तरी कामाला येऊ दे मेला.”

१४ जुलै, सकाळ

उमटलं! बेडकाच्या चकतीभोवती वर्तुळ! अंधूक, जेमतेम तीन मिलिमीटर — पण आहे! ओरडलेच!! दुसरी चकती मोजायचीय अजून.

१४ जुलै, दुपार

क्लॉक्सासिलिनभोवती बावीस मिलिमीटर. काचेसारखं स्वच्छ.

जंतू तेच, औषध तेच. फक्त डबी नवी.

आमची लॅब पॉवरलूमच्या इमारतीत. शुक्रवारी लूम बंद, की रामू वॉचमन अख्ख्या इमारतीचा मेन स्विच खाली ओढतो. आमचा फ्रिजही बंद. जुन्या चकत्या दर शुक्रवारी गरम, दमट — त्यांच्यात औषध उरलंच नव्हतं. आणि शनिवारी फ्रिजखालचं पाणी पुसते कोण? मीच!

धावत गेले, डॉक्टरांना सगळं सांगितलं. इंजेक्शन लगेच सुरू केलं.

१६ जुलै

साजिदाचा ताप १००. बाळाला जवळ घेतलं.

लॅबचं रजिस्टर काढलं. ‘एकही औषध लागू नाही’ — या वर्षात, माझ्या अक्षरात, आणखी तेवीस नावं आहेत.