बिल, लेबल, पंधरा दिवस

१२ ऑक्टोबर, रविवार
पाय सुजले! दिवसभर एक्स्चेंज काउंटरला उभी. अख्ख्या घाटकोपरला आजच साड्या बदलायच्या होत्या. शेठनी सकाळीच बजावलं, "विनिताबेन, इस बार एक भी कम्प्लेंट नहीं चाहिए." म्हणून तोंडाला कुलूप. नियम तेवढा सांगायचा — बिल हवं, लेबल हवं, पंधरा दिवसांच्या आत हवं. वर एक शब्द नाही. ठरवलंय म्हणजे ठरवलंय.
आणखी एक ठरवलंय. यंदा परेशला ओवाळायचंच. एकुलता एक भाऊ आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार
परेशनं फोन उचलला नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी
एक बाई लेबल कापलेली साडी घेऊन आल्या. "सासूबाईंना रंग नाही आवडला हो." नाही म्हटल्यावर नको नको ते बोलल्या. "तुमच्यासारख्यांना काय कळणार!" गेल्या वर्षी असतं तर मी चांगली खरडपट्टी काढली असती. आज पाणी दिलं. तर रडायलाच लागल्या! इतके दिवस बघून कळलंय — जी इथे जास्त ओरडते, तिला घरी कोणाची तरी भीती असते.
मला तर कोणाचीच भीती नव्हती. तरी बोलले.

१९ ऑक्टोबर, रविवार
आज लिहूनच टाकते. गेल्या भाऊबीजेला परेशनं साडी आणली, ती आमच्याच दुकानातली. बघताक्षणी ओळखलं — 'एकावर एक फ्री'च्या ढिगातली! नणंदा बसल्या होत्या. त्यांच्यासमोर म्हणाले, "फ्रीवाली मला दिलीस की बायकोला?" त्यानं साडीची पिशवी उचलली आणि मुलुंडला निघून गेला. तेव्हापासून आला नाही.
आज त्याच ढिगापाशी एक माणूस तासभर उभा. घामाघूम! आमच्या जान्हवीला सारखा विचारतोय, "ताईला आवडेल ना ही? ती जरा तापट आहे." जान्हवी हसली. मी स्टॉकरूममध्ये जाऊन रडले. परेशही असाच उभा राहिला असणार ना! आणि मी काय बोलले यार.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
फोन उचलला! पण वहिनीनं. नमिता म्हणाली, "ताई, ते नाही बोलणार." म्हटलं, नको बोलू दे. नुसता पाटावर येऊन बस म्हणावं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा
उद्याची सुट्टी मागितली. शेठ नाही म्हणाले, भाऊबीजेलाच बदलायला गर्दी होते. चारला सोडणार. सुटले की थेट मुलुंड. ताम्हण, निरांजन, कुंकू, सगळं पिशवीत भरून ठेवलंय. दार नाही उघडलं तर जिन्यात ओवाळीन!

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
रांग पार दाराबाहेर. मान वर न करता चालू होतं — बिल, लेबल, तारीख. एक बिल पुढे आलं. तारीख गेल्या वर्षीची! भडकणार होते, तेवढ्यात तीच साडी दिसली. मान वर केली. परेश.
"लेबल आहे अजून," तो म्हणाला. "बदलून देशील? फ्रीवाली नको."
"पंधरा दिवसांनंतर बदलून मिळत नाही," मी म्हटलं.
मागची बाई ओरडली, "अहो, आटपा की!"
मी कात्री घेतली आणि माझ्या साडीचं लेबल कापून टाकलं.