गुठळ्या

प्रिय ताई,

रविवारी तू बाळाला न्यायला येणार, म्हणून काल तिची पिशवी भरायला बसलो. तुझी भावजय बाळंतपणात गेली तेव्हा मीच म्हणालो होतो, एकट्याने पोर वाढवणं मला जमणार नाही, तूच ने हिला.

डब्याच्या दुधाने खरंच जीव नकोसा केलाय. पावडर ढवळली की गुठळ्या होतात, बाटली जोरात हलवली की नुसता फेस. गुठळी निपलात अडकते आणि पोर ओढून ओढून लालबुंद होते. काल वैतागून सगळं मोरीत ओतलं आणि ओरडलो, "आता काय करू गं बाई मी?" ती रडायची थांबली, माझ्याकडे टकमक बघत राहिली. मला लाज वाटली. नवं दूध केलं, गाळून घेतलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला. अर्धी बाटली पिऊन ती माझी बाही मुठीत धरून झोपली. ती मूठ सोडवायला हात धजेना.

तू पाळणा आणून ठेवलायस, झबली शिवलीयस, हे ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र पेटीत टाकवत नाही. तुझ्यासमोर बसूनच सांगेन.

ये तू, ताई. पण तिची आई व्हायला नको, आत्या म्हणून ये.

तुझा,
धाकटा