फोटोतली बोट

भेंडवाडी, जि. रायगड
४ नोव्हेंबर २०२४

ती. सुचिताताईस,
रचनाचा सा. न. वि. वि.

तुझ्या त्या नेपाळच्या डोंगरात फोन लागत नाही, म्हणून कागद काळे करतेय. तू तिथल्या पोरापोरींना मुलगा-मुलगी सारखेच म्हणून शिकवतेस, आणि इथे आई अजून विनेशदादा जेवल्यावरच मला वाढते.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. गेल्या मंगळवारी बाबा तापाने पडले आणि खलाशी सदा गावाला गेलेला. दादा एकटा जाळं कसं ओढणार, म्हणून मी बोटीवर गेले. माझी पाळी चालू होती. अशा वेळी बोटीला हातही लावायचा नाही, हे तुला सांगायला नको. दादालाही ते माहीत नाही. मासळी मात्र झकास लागली, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बारावी झाली की माणगावला नर्सिंग. बाबा हो म्हणालेत. वाचून झालं की हे फाडून टाक. तुझी माया आहेच, ती जरा पत्रांतूनही पाठवत जा.

तुझी,
रचना

जुमला, नेपाळ
२ डिसेंबर २०२४

चि. रचनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही, रागावू नकोस. इथे पाळी आली की मुलींना गोठ्यात झोपवतात. महिनाभर मी घसा फोडला. मुलीला न विचारता तिच्याबद्दल कोणी काही ठरवायचं नाही, हेही शिकवलं. पोरं आपली खाली मान घालून बसलेली. मग तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली की ती आज गोठ्यात जाणार नाही. मला रडू आवरेना.

संस्थेने ती हकीकत नेटवर टाकली आहे. तुझं नाव बदललंय, काळजी नको. त्या हकीकतीसोबत नारळी पौर्णिमेचा आपला बोटीपुढचा फोटोही टाकलाय. किती गोड दिसतेस त्यात. तुला आधी विचारणार होते, पण पत्र जाऊन उत्तर यायला दीड महिना लागतो, आणि तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक होतं. अभ्यास कर, आणि या ताईला विसरू नकोस.

तुझी,
सुचिताताई

भेंडवाडी
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न.

फोटोत आपल्या बोटीचं नाव नीट वाचता येतं. मुंबईच्या कोंडाजीकाकांनी तो दादाला पाठवला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीने पाहिला. सदाने बोटीवर पाय ठेवायचं नाकारलं. बाबांनी बोट धुतली, पूजा घातली, तरी एक खलाशी आला नाही. महिना झाला, बोट खाडीत उभी आहे. ही पोर घरात असेपर्यंत कोणी येणार न्हाय, असं गावकीने सांगितलं.

बाबांनी मारलं नाही. माझ्याकडे बघत नाहीत, एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं. कॉलेज बंद केलंय. उद्या मला बाळाजीमामाकडे मासळी सुकवायला पाठवताहेत, आणि पुढच्या महिन्यात बारावीची परीक्षा आहे. आईने माझी पुस्तकं तांदळाच्या पिंपात लपवली आहेत. कशासाठी, ते तिलाही माहीत नसेल.

ती गोठ्यात न गेलेली मुलगी, तिचं पुढे काय झालं, ते तू लिहिलं नाहीस. तिच्या घरी एकदा जाऊन ये.

मला तुझा फार राग येतो, ताई. तरी माया काही कमी होत नाही. हे पत्र मात्र वर्गात वाचू नकोस.

रचना