वीस कोरे गोल

शिरूर,
२६ जानेवारी २०२५

सौ. रंभावन्सं यांस,

नमस्कार. इकडे धनू आणि मी बऱ्या आहोत. तुमच्याकडचं कळवण्याची तसदी घेऊ नका. तुमचा नंबर मी ब्लॉक करून ठेवलाय, म्हणून पत्र लिहिते आहे.

आज कंपनीला सुट्टी. सकाळी धनूला घेऊन शाळेत झेंड्याला गेले होते. गुरुजींनी तिला विचारलं, "काय धनश्री, नवोदयचा पेपर कसा गेला?" तर ही माझ्या पाठीमागं लपली. घरी येऊन खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "आई, गणिताचे गोल मी भरलेच न्हाईत."

त्या पेपरात अंकगणिताचे वीस प्रश्न असतात. बरोबर उत्तराचा गोल पेनानं काळा करायचा. तिनं विसाच्या वीस गणितं कच्च्या कामात सोडवली होती. उत्तरपत्रिकेवरचे गोल तेवढे मुद्दाम कोरे ठेवले आणि हसत बाहेर आली. मी गेटवर केळी घेऊन उभी. "सोप्पा होता," म्हणाली.

कशाला असं केलंस, म्हटलं. तर म्हणते, "आत्या म्हणली, तू पास झाली की आई तुला बोर्डिंगात टाकणार आन् दुसरं घर करणार."

संक्रांतीला माझी रजा नामंजूर झाली, म्हणून पोरगी दोन दिवस दौंडला तुमच्या भरवशावर पाठवली. परीक्षा चार दिवसांवर होती, वन्सं. तुम्हाला चार दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही.

पोराला अभ्यासाची गोडी लावायला काय लागतं ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही तुमच्या हृतिकला ह्याच परीक्षेसाठी छडी घेऊन बसवलंत, आणि त्याचा नंबर लागला नाही तेव्हा तीच छडी त्याच्या पाठीवर मोडलीत. माझ्या घरात छडी नव्हती. जुलैमध्ये धनू पाच मिनिटं एका जागी बसत नव्हती. मी तिला एकदाही 'बस' म्हणाले नाही. कंपनीतले फाटके खोके आणून त्यांच्या आकृत्या कापल्या. आकृती कागदाखाली झाकायची, आरशात ती कशी दिसेल ते तिनं सांगायचं, मग मी आरसा धरायचा. चुकली तरी काही बोलायचं नाही, फक्त आरसा धरायचा. पंधरा दिवसांनी तीच मला हलवून उठवायला लागली, "आई, पाच वाजले." गणितात अडली की गुरुजींकडं स्वतः जायची. एका रविवारी तिला पिंपळे जगतापला नेलं, नवोदयची शाळा बाहेरूनच दाखवली. मैदानावर पोरी खेळत होत्या. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्यांच्यात एक मी."

हे सगळं मी तिच्यासाठी केलं. फक्त तिच्यासाठी. दुसऱ्या घराचं म्हणाल, तर बत्तीस वर्षांच्या विधवेला स्थळं येतात, लोक बोलतात. त्याचा आणि परीक्षेचा काडीचा संबंध नाही.

ही परीक्षा पाचवीत एकदाच देता येते. पुढच्या वर्षी परत बसू, असं नसतं. तुमच्या पोराचं झालं नाही म्हणून माझ्या पोरीचं होऊ दिलं नाहीत. यापुढं धनू तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही.

सविता


दौंड,
५ फेब्रुवारी

सवितास,

आशीर्वाद. मला लिहायची सवय न्हाई, अक्षर लागंल तसं वाच.

व्हय, बोलले मी. धनू तिळगूळ खाता खाता सांगत व्हती, "आत्या, मी सात वर्षं तिथं ऱ्हाणार. आई दर सुट्टीला न्यायला येणार. मग आम्ही दोघी घरी जाणार." लई खुशीत व्हती. मला ऐकवंना. कुठल्या घरी जाणार व्हती ती, सविता? तू तिला घर सांगितलं व्हतंस का?

कोरेगाव भीमाचा रविराज आमच्या मालकांच्या वळखीचा हाय, हे तुला ठावं नसंल. तो सांगत व्हता, बाई पसंत हाय, पण आमच्या आईला दुसऱ्याची पोर घरात नको. तवा बाईच म्हणली की पोरगी नवोदयला जाईल, बारावीपर्यंत घरात नसंल. हे तू त्याला मे महिन्यात बोललीस. फॉर्म भरलास जुलैत. आता संबंध न्हाई म्हणून परत लिही.

माझा सत्यजीत जाऊन तीन वर्षं झाली. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय. तू लगीन करू नको असं मी म्हणत न्हाई. मनातून म्हणते, त्ये माझं मला. पण पोरीला सांगून कर. तिला आरशात समदं दाखवलंस, येवढंच झाकून ठेवलंस.

हृतिकचं मला लिहायचं काम न्हाई. मी मारलं त्याला. तो आता पुस्तक उघडत न्हाई, ते रोज माझ्या डोळ्यांनी बघते. तू गोडीनं बसवलीस, मी छडीनं बसवला. दोन्ही पोरं तिथंच ऱ्हायली.

तुला पोरगी जड झाली आसंल तर हितं आणून सोड. आत्या अजून मेली न्हाई.

रंभा


शिरूर,
३० मार्च २०२५, पाडवा

रंभावन्सं,

नमस्कार. निकाल मंगळवारी लागला. धनूचा नंबर नाही. तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच कळवते.

तुमच्या पत्रातल्या तारखा बरोबर आहेत. मे महिन्यात रविराज म्हणाला, मुलीचं काय करायचं? आदल्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी नवोदयचं बोलत होतं, तेच नाव माझ्या तोंडून गेलं. धनूच्या अभ्यासाची सुरुवात अशी झाली. पुढं पहाटे ती आकृत्या घेऊन बसायची, तेव्हा माझ्या मनात रविराज नसायचा. यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही पुरता बसत नाही.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. 'जड झाली' ते वाक्य सोडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी पास झाले असते, तर तू रडली असतीस का?" मी म्हटलं, "रडले असते. आन् लग्नही केलं असतं." खोटं बोलायचं त्राण नव्हतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा न्यायची, धुऊन ठेवायची, भिंतीकडं तोंड करून झोपायची.

तिसऱ्या दिवशी रविराज आला. मीच बोलावला होता. धनूनं पाणी दिलं आणि तिथंच उभी राहिली.

"मी पास होणार न्हाई," ती त्याला म्हणाली. "मी आईजवळ ऱ्हाणार. चालंल का तुम्हाला?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मग तिला म्हणाला, "अगं, त्याची कशाला काळजी करतेस? तुझ्या आत्यानं दिवाळीतच सांगितलंय, पोरीला आम्ही ठेवून घेतो म्हणून. दौंडला पण चांगल्या शाळा आहेत की."

दिवाळीत, वन्सं. म्हणजे संक्रांतीला तुम्ही माझ्या पोरीला खरं सांगायला बसला नव्हता. ती पास झाली तर सात वर्षं सरकारच्या घरी जाणार होती, नापास झाली तर तुमच्या. मी तिला घालवायला निघाले होते आणि तुम्ही न्यायला टपला होतात. सत्यजीतची पोर तुम्हाला हवी होती, तर माझ्याकडं येऊन मागायचं होतं. मी दिली नसती, पण माणसानं मागावं तरी.

त्याला मी म्हटलं, चहा घ्या आणि निघा. तो चहा न घेताच गेला. माणूस वाईट नव्हता. नऊ-दहा महिने कंपनीतून सुटल्यावर कुणीतरी 'जेवलीस का' असं विचारत होतं, ते बंद झालं. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. हे मी धनूला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते आहे. तुम्हीही तिला सांगू नका. एवढं तरी पाळा.

निकालाच्या दिवशी मला वाटलं होतं पोरगी रडेल. ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "गुरुजी म्हणले, नववीला जायची पण परीक्षा असती. जागा थोड्या असत्यात, पण असती."

"बसायचंय तुला?"

"बसायचंय. पण पास झाले तर जायचं का न्हाई, ते कोण ठरवणार?"

"तू."

"असं तोंडी नको. लिहून दे."

मला हसू येत होतं, पण ती हसत नव्हती. शेवटी वहीचं पान फाडलं आणि ती सांगेल तसं लिहिलं: 'धनश्री आठवीत असताना परीक्षा देईल. अभ्यास ती स्वतः करेल, अडलं तर विचारेल. पास झाली तर जायचं का घरी राहायचं, ते धनश्री ठरवेल. परीक्षेच्या आधी तिला कुणी काही सांगायचं असेल, तर खरं सांगायचं आणि ते का सांगतो तेही सांगायचं.' खाली मी सही केली. तिनं ते दोनदा वाचलं, शुद्धलेखनाची एक चूक काढली, ती दुरुस्त करून घेतली.

त्या दिवसापासून ती पुन्हा पाचला उठते. मला उठवत नाही. मी जागी असते, पण उठून तिच्याजवळ जात नाही. ती हाक मारेल तेव्हा जाईन. अजून मारलेली नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्हीही मला करू नका, मला ते नको आहे. पण हे पान तुम्हाला पाठवते आहे, कारण माझी सही झाल्यावर धनूनं कागदाकडं बघितलं आणि म्हणाली, "आत्याची पण पाहिजे."

तिनंच जागा सोडली आहे, माझ्या सहीशेजारी. वाचून, पटलं तरच सही करा. नाही पटलं तर कागद तसाच परत पाठवा, मी तिला तसाच दाखवीन.

दौंडचं पत्र यायला किती दिवस लागतात, ते तिनं पोस्टमनला आधीच विचारून ठेवलंय.

सविता