हरिबाची राहिलेली अटक

दौंड, ता. ८ फेब्रुवारी १९५८

ती. हरिबादादांस,
धाकट्या सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सारी खुशाली. तुमच्या धुरपदासाठी स्थळ हाय. मुलगा जालिंदर, इथल्या रेल्वेत फायरमन. कोळशानं काळा दिसतो, धुतल्यावर बरा हाय. धुरपदा माझ्याकडं आली होती तवा तिनं त्याला पाहिलंय आन् तिला पसंत हाय. वहिनींनी हे तुम्हाला सांगितलं नसंल.

मुलाचे वडील म्हंजी हवालदार आनंदराव. बेचाळीस साली तुमच्या मागावर होते, तेच. पत्र फाडू नका. त्यांना हुंडा नको, मानपान नको. म्हणतात, मला हरिबाला एकदा धरू द्या.

रागावलात तरी लोभ सोडू नका.
सगुणा

शिरूर, ता. १३ फेब्रुवारी

चि. सगुणास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी हसत बसली, मी जेवलो न्हाई. आम्ही तारा तोडल्या, चावडीतलं दप्तर जाळलं, घोडनदीच्या काठानं कच्ची कणसं खाऊन राहिलो. पण मी सापडलो न्हाई. तुरुंगात गेलेल्यांना सभेत पुढची खुर्ची मिळते. माझ्यापाशी फकस्त न सापडणं हाय, आन् तेच मी हुंड्यात देऊ? त्यांना सांग, हरिबा आपणहून हात पुढं करायचा न्हाई.

मुलांना जप.
तुझा दादा

दौंड, ता. २० फेब्रुवारी

ती. दादांस सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा निरोप सांगितला. हवालदार खूश झाले. म्हणाले, आपणहून दिलेला हात मला नकोच. हरिबांनी पळावं, मी धरतो. न्हाई सापडले तरी लग्न ठरलं म्हणून समजा. तुम्ही निसटलात तवा साहेबानं सगळ्या शिपायांदेखत त्यांना बूट पुसायला लावले होते. हे सांगताना त्यांनी मान वर केली न्हाई. दादा, या.

वाट बघते.
सगुणा

दौंड, ता. ३ मार्च

सौ. गिताबाईस आशीर्वाद.

काल यार्डामागच्या मैदानात पळालो. जालिंदरानं बापाची काठी धरली, सगुणानं माझा पटका. माझा गुडघा आखडलेला, त्यांना दमा. बाजारला निघालेल्या बाया आम्हाला मागं टाकून गेल्या. तरी मी सुटलोच होतो. तेवढ्यात मागं धप्पदिशी आवाज झाला. हवालदार पडले होते. लोक हसले. मला ते बरं वाटलं न्हाई. परत जाऊन हात दिला. त्यांनी मनगट धरलं आन् बसल्या जागी म्हणाले, "सापडला."

मग उठले, पण मनगट सोडीनात. चौकीकडं बघितलं, स्टेशनाकडं बघितलं. हळूच म्हणाले, "हरिबा, आता तुम्हाला न्यायचं कुठं?"

मी म्हटलं, घरी न्या, भूक लागलीय.

त्यांच्याच घरी जेवून आडवा झालो. भूमिगत होतो तवापासनं कुत्रं भुंकलं तरी मी उठून बसतो, तुला ठावं हाय. काल दिवस मावळेस्तोवर झोपलो. जाग आली तवा हवालदार उंबऱ्यात काठी आडवी टाकून बसले होते. उठायला लागलो तर म्हणाले, "झोपा, व्याही. सापडलेल्या माणसाला धरायला कुणी येत न्हाई."

धुरपदाला सांग, वैशाखातली तिथी धरलीय. मी आणखी दोन दिवस इथंच झोपून येतो.

हरिबा